हौस म्हणजे किती रुपये?

बाईसाठी काही करायचं म्हटलं की सरकारला, संस्थांना, बँकांना आणि पुढाऱ्यांना आजवर एकच गोष्ट सुचत आली आहे : शिलाई मशीन. अलीकडे तिच्या जोडीला केक आला आहे. तिसगावात वाटलं गेलेलं एक पत्रक माझ्यासमोर आहे, महिनाभराच्या वर्गाचं. संस्थेचं नाव देत नाही, कारण अशी पत्रकं गावोगाव निघतात आणि मजकूर फारसा बदलत नाही. नवशिक्या गृहिणींसाठी घरगुती शिवण आणि केक सजावट. पहिल्या आठवड्यात झबलं, टोपडं, दुपटं. दुसऱ्यात परकर आणि उशीचे अभ्रे. तिसऱ्यात साधा ब्लाऊज. चौथ्यात कुकरमधला बिनअंड्याचा केक, त्यावर क्रीमचा थर, नोझलने काढलेले गुलाब आणि मुलाचं नाव. शेवटी प्रमाणपत्र वाटप, प्रमुख पाहुणे, फोटो. आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरांत : हे सारं आपल्या कुटुंबासाठी, हौसेनं.

मला भांडायचं आहे ते या शेवटच्या शब्दाशी.

वर्गाशी माझं भांडण नाही. तिसगावच्या सुनेला घराबाहेर पडायला दोनच वाक्यं उपयोगी पडतात : ‘देवाला जाते’ आणि ‘शिवणाच्या क्लासला जाते’. मोहटादेवीला रोज कसं जाणार? क्लासला महिनाभर रोज जाता येतं. तिथे बाया एकमेकींची मापं घेतात, आणि माप घेता घेता दंडावरचा काळानिळा डाग दिसतो. आमच्या सर्वेक्षणाच्या फॉर्मात ‘घरात मारहाण होते का’ या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहून घेतलेलं असतं. टेप हातात असताना मात्र वेगळं ऐकू येतं. एवढ्या एका कारणासाठी सुद्धा हे वर्ग चालू राहावेत असं माझं मत आहे.

शिवाय शिकण्यातला आनंद खोटा नसतो. बॉबिनचा दोरा गुंततो, टीप साप चालल्यासारखी वाकडी जाते, उसवायचं आणि पुन्हा मारायची. उन्हाळ्यात क्रीम फेटायची तर भांडं बर्फात ठेवावं लागतं आणि बर्फासाठी रसवंतीवर पळावं लागतं. तरीही गुलाब बसकण मारतो आणि सगळ्या हसतात. चाळिशीतल्या बाईने पहिल्यांदा कोन हातात धरून सरळ अक्षर काढलं की तिच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्याला मी नावं ठेवणार नाही. आपल्या चळवळीत एके काळी शिवण-पापड-लोणची म्हटलं की नाक मुरडायची पद्धत होती. त्या नाक मुरडण्यात शहरीपणा होता, आणि ज्या बायांकडे तेवढंच कौशल्य होतं त्यांचा अपमानही होता.

एक गोष्ट मात्र विचारून बघा. केक सजवायला शिकलेल्या बायांना त्यांच्या स्वतःच्या वाढदिवसाची तारीख विचारा. कितीतरी जणींच्या आधार कार्डावर १ जून आहे. शाळेत नाव घालताना जन्मतारीख कुणाला आठवत नव्हती, म्हणून गुरुजींनी टाकून दिलेली ती तारीख. घरातल्या प्रत्येकाचं नाव क्रीमने लिहिणाऱ्या बाईला स्वतःचा दिवस नाही. आणि खरा दिवस माहीत असता तरी आपला केक आपणच करायचा, हे ठरलेलंच!

आता सरकारची वही बघू. देशात कोण काम करतं आणि कोण करत नाही हे ठरवण्यासाठी राष्ट्रीय नमुना पाहणीवाले माणसामाणसाला एक आकडा देतात. ही पाहणी २०१७-१८ पासून नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षण या नावाने होते. त्यात ९२ हा आकडा म्हणजे फक्त घरकाम करणारी व्यक्ती. ९३ म्हणजे घरकाम करून शिवाय घरच्या वापरासाठी भाजीपाला, सरपण, चारा फुकट गोळा करणारी, शिवणारी, विणणारी. शिवण हा शब्द त्या व्याख्येत उघड लिहिलेला आहे. म्हणजे आपल्या हातातली सुई सरकारला दिसतच नाही असं नाही. दिसते, तिच्यासाठी वेगळा आकडाही ठेवला आहे, आणि तो आकडा लावून बाईला श्रमशक्तीच्या बाहेर बसवलं आहे. ९२ बाहेर, ९३ही बाहेर. भिंतीपलीकडे दुकानात बसून तोच ब्लाऊज शिवणारा टेलर मात्र आत.

याहून गंमत राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात आहे. संयुक्त राष्ट्रांनी ठरवून दिलेली पद्धत, १९९३ सालची आणि नंतर सुधारलेली २००८ सालची, असं मानते की घरच्या वापरासाठी एखादी वस्तू तयार केली तर ते उत्पादन आहे. कपडे शिवणं त्यात नाव घेऊन आहे. स्वयंपाक, झाडलोट, मुलं सांभाळणं या सेवा मात्र घरच्यांसाठी केल्या तर बाहेर. म्हणजे पत्रकातला तिसरा आठवडा राष्ट्रीय उत्पन्नात, चौथा आठवडा नाही. ब्लाऊज आत, केक बाहेर. पुढे २०१३ साली श्रमाची आकडेवारी ठरवणाऱ्या जागतिक परिषदेने मान्य केलं की घरासाठी केलेली वस्तू असो की सेवा, ते ‘काम’च आहे. त्याच ठरावाने ते ‘रोजगार’ या रकान्यातून बाहेरही काढलं. काम आहे, पण रोजगार नाही! सन्मानाची खुर्ची दिली आणि पंगतीतून उठवलं.

वेळेची मोजणी तरी झाली आहे. २०१९ साली देशभर वेळ-वापर पाहणी झाली. घरच्यांसाठी बिनमोबदला घरकाम करणाऱ्या बाया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि करणारे पुरुष ९७ मिनिटं, असं निघालं. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत बायांची दहा मिनिटं कमी झाली म्हणून कुणी टाळ्या वाजवायच्या असतील तर पुरुषांची नऊ कमी झाली हेही सांगून वाजवाव्यात.

इथवर प्रश्न फक्त आकड्यांचा, रकान्यांचा वाटेल. तसा तो असता तर मी हा लेख लिहिला नसता. हा शून्य बाईच्या अंगावर कुठे येतो ते कोर्टात गेल्यावर कळतं.

नवऱ्याने टाकलेली किंवा मार खाऊन माहेरी आलेली बाई पोटगीचा अर्ज करते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली करत असे, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली करते. नवऱ्याचं उत्तर येतं. अशी उत्तरं मी इतकी वाचली आहेत की पहिला परिच्छेद वाचायची गरज उरत नाही : अर्जदारास शिवणकाम येते, तिने शिवणाचा वर्ग केलेला आहे, तिच्याकडे शिलाई मशीन आहे, ती महिना दहा-बारा हजार रुपये सहज कमावते, सबब पोटगी नामंजूर व्हावी. सोबत पुरावा म्हणून काय जोडलेलं असतं? वर्गाच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स. प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते दिलेलं तेच ते.

हाच नवरा संसारात असताना काय म्हणत होता? ‘घरी बसून असते.’ पाहणीवाला आला तेव्हा त्यानेच ‘काही करत नाही’ असं सांगितलं होतं. अशा एका बाईने मला बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या विचारलं, “ताई, आठ वर्षं मी त्याच्या घरी त्याच्याच पोरांची कापडं शिवली, तवा ती मशीन दिसली नाही त्याला. आता कशी दिसली?” याचं उत्तर कोणत्याही वकिलाने तिला दिलं नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ही पळवाट बुजवली आहे, हे आपल्या कार्यकर्त्यांना पाठ असलं पाहिजे. चतुर्भुज विरुद्ध सीताबाई या २००७ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की बाई थोडंफार कमावते एवढ्यावरून तिची पोटगी जात नाही; त्या मिळकतीत तिला नवऱ्याच्या घरच्यासारखं राहता येतं का, ते बघायचं. शैलजा विरुद्ध खोब्बन्ना या निकालात कमावण्याची क्षमता असणं आणि प्रत्यक्ष कमावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं स्पष्ट केलं. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालाने दोघांनाही आपापल्या मिळकतीचं शपथपत्र देणं सक्तीचं केलं. तरीही खालच्या कोर्टांत प्रमाणपत्राची झेरॉक्स येतच राहते, कारण ती पुसून काढायला बाईकडे दुसरा कागद नसतो.

आणि बाई अपघातात मेली तर? मग तिची किंमत निघते. जमशेदपूरला १९८९ साली एका समारंभात लागलेल्या आगीत अनेक बाया-मुलं गेली. लता वाधवा खटल्यात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या गृहिणींच्या घरातल्या सेवेचं मोल महिना ३,००० रुपये धरलं. २०१० साली अरुणकुमार अग्रवाल खटल्यात न्यायालयाने जनगणनेवर ताशेरे ओढले, कारण तिथे गृहिणींना भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्या रांगेत ‘आर्थिकदृष्ट्या अनुत्पादक’ म्हणून बसवलं होतं. २०२१ च्या कीर्ती खटल्यात तर वेळ-वापर पाहणीतले ते २९९ आणि ९७ निकालपत्रात उतरले. निकाल चांगले आहेत, वाचावेत. पण हिशेब मांडून बघा. जिवंत असताना शून्य. पोटगी मागितली की दहा-बारा हजार. मेल्यावर काही हजार, तेही विमा कंपनीकडून आणि नवऱ्याच्या हातात.

म्हणून आमच्या गटातल्या एका बाईला आम्ही वही घालायला लावली. वर्षभर घरच्यांसाठी काय शिवलं आणि किती केक केले ते लिहायचं, बाहेर ते किती रुपयांना पडलं असतं ते बाजारात विचारून यायचं, आणि लागलेले तास मांडायचे. सासू, नवरा, दोन मुलं आणि दीर असं घर. साधे ब्लाऊज सहा, दीडशे रुपये शिलाईने ९००. अस्तराचे तीन, तीनशेने ९००. मुलीचे फ्रॉक तीन, ६००. परकर चार, ३२०. साड्यांना फॉल पाच, २००. जुन्या लुगड्यांची एक गोधडी, शिलाई ६००. उसवलेलं, फाटलेलं, शाळेच्या चड्डीची शिवण, दप्तराचा पट्टा असं चाळीस वेळा, दहा रुपयांनी ४००. हे झाले ३,९२०. वाढदिवसाचे अर्ध्या किलोचे पाच केक, बेकरीत तीनशेला एक. सामानाला प्रत्येकी १३० गेले, म्हणजे वाचले ८५०. एकूण ४,७७०. दोरा, सुया, तेल, एकदा बदललेला पट्टा यांचे २७० वजा. राहिले ४,५००. तास भरले १५४.

भाग द्या. तासाला एकोणतीस रुपये. आठ तासांच्या दिवसाला सुमारे २३४. महाराष्ट्रात २०२५-२६ सालची रोजगार हमीवरची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. माती खणायचा दर शिवणापेक्षा वर. आणि गोधडीचं बघा : साठ तासांना सहाशे, तासाला दहा रुपये.

ही वही वाचून गटातली एक मावशी म्हणाली, “म्हंजी आपण फुकट करतो ते बरंय की, इकत घ्यायला स्वस्तच पडलं असतं.” सगळ्या हसल्या. मला मात्र तिच्या बोलण्यात लेखाचा गाभा सापडला. शिवण बाजारात इतकं स्वस्त का? माती खणायला कष्ट जास्त म्हणून? कौशल्य म्हणाल तर ब्लाऊजच्या कटोरीला ते किती लागतं हे कापड कापणारीलाच ठाऊक. ते स्वस्त आहे कारण घराघरात ते फुकट होतं. जी वस्तू कुणीतरी हौसेने, मायेने, रिकाम्या वेळात करून देतं तिला बाजार पुरता दाम देत नाही. घरातल्या हौसेने बाहेरच्या मजुरीचा पाया खणून ठेवला आहे, आणि ‘कुटुंबासाठी, हौसेनं’ असं छापणारं प्रत्येक पत्रक तो आणखी खोल खणतं.

याचा दाखला लांब शोधायला नको. २०२४ साली राज्य सरकारने शाळांसाठी ‘एक राज्य, एक गणवेश’ आणला आणि शिलाई महिला बचत गटांकडे वळवली. ऐकायला किती छान! पण स्काऊट-गाईडच्या गणवेशाच्या शिलाईला धरले ११० रुपये. शर्टाची कॉलर, खिसे, काज-बटण, पँट किंवा स्कर्ट, सगळं धरून. अनेक ठिकाणी गटांनी सांगितलं की यात आमचा दोराही सुटत नाही. मुलांना गणवेश वेळेवर मिळाले नाहीत, ओरड झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात सरकारने खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिली. ओरड ‘बायांना जमलं नाही’ अशी झाली. दर कुणी ठरवला हे फारसं कुणी विचारलं नाही. माझा अंदाज विचाराल तर दर ठरवणाऱ्या साहेबांनी मनात आपल्या बायकोची मशीन धरली होती.

मारिया मीस या अभ्यासिकेने १९८२ साली आंध्रातल्या नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायांवर पुस्तक लिहिलं. आपल्यातल्या जुन्या मैत्रिणींनी शिबिरांत त्यावर चर्चा ऐकली असेल. मिशनऱ्यांनी शिकवलेली ती क्रोशाची लेस पुढे परदेशी जाऊ लागली, व्यापारी आणि निर्यातदार पुरुष गबर झाले, आणि दिवसाचे कितीतरी तास विणणारी बाई मात्र ‘गृहिणी, रिकाम्या वेळात विणते’ अशीच राहिली. तिला मजूर म्हटलं असतं तर मजुरी द्यावी लागली असती. घरी बसून काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली स्वतंत्र करार केला. भारताने त्यावर मान्यतेची मोहर उठवलेली नाही.

यावर एक उत्तर ठरलेलं येतं, आणि ते आपल्यातल्याही काही जणी देतात : ‘सगळ्याचे पैसेच करायचे का? माया म्हणून काही आहे की नाही?’

आहे. पण माया हा शब्द नेहमी कुणाच्या तोंडून येतो ते बघा. गांधीजी यंत्रांच्या विरोधात बोलत तेव्हा त्यांनी एक यंत्र वगळलं होतं, ते हे शिवणाचं. १९२४ साली एका तरुणाशी बोलताना त्यांनी सांगितलं की बायकोला हाताने शिवताना होणारा त्रास सिंगरला बघवला नाही आणि तिच्यावरच्या प्रेमापोटी त्याने हे यंत्र बनवलं. गोष्ट गोड आहे, खरी नाही. आयझॅक सिंगरने १८५१ साली पेटंट घेतलं ते पैशासाठी, आणि यंत्र हप्त्याने विकून तो अफाट श्रीमंत झाला. त्याचे एका वेळी एकाहून अधिक संसार चालू होते आणि निरनिराळ्या बायांपासून वीसहून अधिक मुलं होती. गांधीजींना हे ठाऊक नसावं. मुद्दा तो नाही. सुई-दोऱ्याचा विषय निघाला की इतक्या मोठ्या माणसालाही हिशेबाच्या जागी प्रेम सुचलं, मुद्दा हा आहे. आणि न्याय करायचा तर हेही सांगितलं पाहिजे की त्याच गांधीजींनी १९३५ साली चरखा संघात सूत कातणाऱ्या बायांना जगण्यापुरती मजुरी मिळालीच पाहिजे असा हट्ट धरला होता. खादी महाग होईल, खपणार नाही, असं सहकारी म्हणत असताना. चरख्याला माया पुरेशी नाही हे त्यांना कळलं होतं.

पुरुषाच्या हौसेची गोष्ट वेगळी असते. तो कुस्तीच्या फडाला जातो, भजनाला बसतो, कबुतरं पाळतो. त्या हौसेतून घरातल्या कुणाची चड्डी शिवून होत नाही. बाईची हौस तेवढी उपयोगाचीच असावी लागते. आपल्याकडे रुखवतात नवरीच्या हातचं म्हणून विणकाम, भरतकाम मांडतात. संक्रांतीला बाळाच्या बोरन्हाणासाठी आणि नव्या सुनेसाठी हलव्याचे दागिने करतात. साखरेच्या पाकावर काटा फुलवत शेगडीजवळ तासन् तास बसावं लागतं. क्रीमचा गुलाब हा त्या हलव्याच्या हाराचा धाकटा भाऊ. मांडून ठेवायचं, बघणाऱ्यांनी वाहवा करायची, आणि करणारीने पदराला हात पुसत म्हणायचं, ‘काही नाही हो, हौस म्हणून.’

‘मग यातूनच स्वयंरोजगार उभा करा ना’, असं योजनावाले सांगतात. करायला हवाच. पण मग बाईला कारागीर म्हणा. केंद्र सरकारच्या २०२३ सालच्या विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांत शिंप्याचा व्यवसाय आहे. तिथे प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आहे आणि अवजारांसाठी १५,००० रुपये. कारण तिथे ते काम मानलं आहे. आमच्या गृहिणींच्या वर्गात विद्यावेतन नसतं, उलट सामानाचे पैसे त्यांनीच आणायचे. विश्वकर्मातही एक मेख आहे : एका कुटुंबातल्या एकाच माणसाला लाभ. नवऱ्याचं नाव सुतार, लोहार किंवा गवंडी म्हणून आधी लागलं की बाईची शिवण पुन्हा हौस होते. आपल्या पाथर्डी तालुक्याला हे गणित परकं नाही. इथून ऊसतोडीला जाणारी जोडी ‘एक कोयता’ म्हणून मोजतात. उचल नवऱ्याच्या हाती, मोळ्या दोघांच्या डोक्यावर.

आणि वीस-पंचवीस जणींना एकाच गावात केक शिकवायचा तर विकत घेणार कोण, हा साधा प्रश्नही पत्रक काढणाऱ्यांना पडत नाही. तिसगावात बेकऱ्या आहेत. बाकीच्या घरांत आता आपापल्या सुना केक करतात, वर्गात शिकलेल्या! म्हणूनच ‘कुटुंबासाठी’ हा शब्द इतका सोयीचा. बाजार शोधायची, भांडवल द्यायची, भाव मिळवून द्यायची जबाबदारी त्यात आपोआप संपते.

नगर जिल्ह्याला, आता तो अहिल्यानगर झाला, याचा जुना इतिहास आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फॅरारबाईंची मुलींची शाळा नगरलाच होती. मिशनच्या अशा शाळांत वाचनाबरोबर शिवण असे. ती शाळा पाहून जोतिरावांनी प्रेरणा घेतली आणि सावित्रीबाईंचं अध्यापनाचं शिक्षण फॅरारबाईंकडे झालं असं सांगतात. १८४८ मध्ये पुण्यात त्या उभ्या राहिल्या त्या शिक्षिका म्हणून. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात विणकामापासून छापखान्यापर्यंत सगळं बायांच्या हाती दिलं, ते त्यांनी आपल्या पायावर जगावं म्हणून. दरवर्षी ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालून तिथेच ‘कुटुंबासाठी’ची प्रमाणपत्रं वाटली जातात तेव्हा मला राग येतो.

आता कामाचं. आपल्या संघटना असे वर्ग घेणार असतील तर प्रमाणपत्रावर काय छापायचं ते वकिलाला दाखवून ठरवावं. ‘शिवणकामात निपुण’ असं न लिहिता ‘तीस दिवसांचा प्राथमिक वर्ग, घरगुती वापरापुरता’ असं लिहिलं तर पुढे कोर्टात झेरॉक्सचा दात मोडेल. वर्गात पहिला दिवस वहीचा ठेवावा, कात्री दुसऱ्या दिवशी. पाहणीवाला दारात आला तर उत्तर घरातल्या बाईने स्वतः द्यावं, आणि ‘काही करत नाही’ याऐवजी काय काय करते ते सांगावं. बाहेरचं एखादं ब्लाऊज पैसे घेऊन शिवत असेल तर तेही सांगावं. मग तिला कामगार म्हणून लिहिलं जाऊ शकतं. पोटगीच्या शपथपत्रासोबत ही वही जोडावी. ‘कमावते’ म्हणणाऱ्याला ती दाखवते की मशीन कुणासाठी फिरत होती. आणि २००३ सालीच राज्य सरकारने आदेश काढला आहे की ग्रामपंचायतीच्या घराच्या नोंदीत नवरा-बायको दोघांची नावं लावावीत. तिसगाव असो की आणखी कोणतं गाव, ग्रामपंचायतीत जाऊन नमुना ८ चा उतारा काढून बघा, तुमचं नाव आहे का. १५४ तास ज्या घरासाठी शिवलं त्या घराच्या कागदावर.

आमच्याकडे सध्या एकच वही पुरी झाली आहे, आणखी सात जणींनी चालू केल्या आहेत. इतर तालुक्यांतल्या मैत्रिणींनीही आपापल्या गटात करून पाहाव्यात. नावं कळवू नयेत. घरात माणसं किती, काय शिवलं, गावातला दर, सामानाचा खर्च आणि तास, एवढंच लिहून पुढच्या अंकाआधी संपादक मंडळाकडे पाठवा. गोधडीचे तास वेगळे लिहा.